उंबरठ्याच्या आतली अहिंसा



पर्युषण पर्व जवळ आले की घराघरांत क्षमापनेची तयारी सुरू होते. वर्षभरात ज्यांच्याशी बोलाचाली झाली, व्यवहारात ज्यांच्याशी खटका उडाला, त्यांची नावे आपण आठवू लागतो. माझ्या यादीत गेली काही वर्षे पहिले नाव एका मुलाचे असते. त्याचे वय आता तेरा आहे. त्याच्याशी माझे भांडण कधीच झालेले नाही. त्याने मला एक प्रश्न विचारला होता आणि मी तो हसण्यावारी नेला होता. त्या हसण्याची आणि त्यानंतर केलेल्या एका चुकीची किंमत त्याला मोजावी लागली. ती हकीकत आज सांगत आहे. मुलाची, कुटुंबाची आणि गावाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. लेख छापायला देण्यापूर्वी त्याच्या आईला वाचून दाखवला आणि तिच्या संमतीनेच तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर स्थानकाच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या रविवारच्या पाठशाळेत मी शिकवू लागलो. आठ ते बारा वर्षांची वीसेक मुले असत. चातुर्मासाचे दिवस होते. त्या रविवारी श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार शिकवायचे होते : बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. प्रतिक्रमणात आपण ते म्हणतो. मुलांना मात्र अर्थ उलगडून सांगावा लागतो. मी परंपरेने चालत आलेली उदाहरणे दिली. बैलाला करकचून बांधणे, चाबकाने मारणे, त्याचे अवयव कापणे, ताकदीपेक्षा अधिक ओझे लादणे, वेळेवर चारापाणी न देणे.

माझे सांगून होते न होते तोच मागच्या ओळीतल्या नऊ वर्षांच्या एका मुलाने हात वर केला. “सर, हे फक्त जनावरांसाठी असते का? घरातल्या माणसाला कोंडले, मारले, जेवायला दिले नाही, तर अतिचार लागत नाही का?”

मुलगा हुशार होता. असे प्रश्न तो नेहमीच विचारी. मी हसून म्हणालो, “अरे, आपल्या जैनांच्या घरात असे कोण करेल?” सगळी मुले हसली. तोही हसला. वर्ग सुटल्यावर इतर मुले जिन्यावरून धावत खाली गेली. तो मात्र आसनांच्या घड्या घालीत राहिला. हे काम तो अनेक रविवार स्वतःहून करीत असे आणि मी त्याच्या आईजवळ त्याचे कौतुकही केले होते. घरी जाण्याची वेळ लांबवण्याचा तो त्याचा उपाय होता, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

पुढच्या रविवारी तो पुन्हा मागे राहिला. मी सहज विचारले, “काय रे, घरी कोणी वाट पाहत नाही का?” तेव्हा माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, “पप्पा चिडले की मम्मीला मारतात आणि कोठीच्या खोलीत कोंडतात. जेवण देत नाहीत. मी माझ्या डब्यातली एक पोळी ठेवतो. दाराखालून सरकवता येते.”

बंध, वध, भक्तपानविच्छेद. मी दिलेला धडा त्याने आपल्या घराशी ताडून पाहिला होता.

त्याच्या वडिलांना मी वीस वर्षे ओळखत होतो. घाऊक व्यापार, बाजारात चोख नाव. बँकेत असताना त्यांच्या कॅश क्रेडिट मर्यादेच्या नूतनीकरणाची शिफारस मी स्वतः केली होती. खाते एकदाही अनियमित झाले नव्हते. स्थानकातील देणगीदारांच्या फलकावर त्यांचे नाव आहे. आदल्याच वर्षी त्यांनी अठ्ठाई केली तेव्हा संघाने सत्कार केला आणि शाल माझ्या हातून दिली गेली. अशा माणसाविषयी नऊ वर्षांचे मूल जे सांगते ते खरे मानावे की नाही, अशी शंका माझ्या मनात आली हे मी लपवीत नाही.

त्यानंतर मी जे केले ते आपल्यापैकी पुष्कळांनी केले असते. दोन दिवसांनी त्यांच्या पेढीवर गेलो. वडीलकीच्या नात्याने म्हणालो, “मुलगा जरा घाबरलेला दिसतो. घरात थोडे शांतपणे घ्या.” त्यांनी चहा मागवला, हात जोडले आणि म्हणाले, “साहेब, धंद्याचा ताण असतो. तुम्ही सांगता ते अगदी बरोबर आहे.” मी समाधानाने घरी परतलो. कोणाची आब्रू न घालवता आपण काम केले, असे मला वाटले.

पुढचे तीन रविवार मुलगा पाठशाळेत आला नाही. त्या रात्री घरी काय घडले ते मला पुष्कळ उशिरा त्याच्या आईकडून कळले. वडिलांनी मुलाला मारले नाही. “सरांना काय सांगितलेस?” एवढेच विचारले आणि कोठीच्या खोलीचे कुलूप त्याच्या हाताने लावून घेतले. त्या रात्रीपासून मुलगा आईच्या छळात स्वतःलाही वाटेकरी समजू लागला. विश्वासाने सांगितलेली गोष्ट, ज्याची त्याला भीती वाटत होती, नेमकी त्याच्याच हाती मी नेऊन दिली होती.

हे सर्व माझ्या पत्नीला सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बँकेत कोणी तक्रार केली, तर तक्रारदाराचे नाव तुम्ही समोरच्याला जाऊन सांगत होता का?”

यापुढचे काम तिने केले. महिला मंडळाच्या दुपारच्या सामायिकाला त्या मुलाची आई येत असे. पत्नीने तिच्या शेजारी आसन टाकायला सुरुवात केली. नवऱ्याचा विषय तिने काढला नाही. मुलांच्या आवडीनिवडी, पापड, कसोटीचा अभ्यास असेच बोलणे चाले. दोन महिन्यांनी एका दुपारी ती माउली आपणहून बोलली. पत्नीने तिला दोनच गोष्टी सांगितल्या : तू सांगतेस त्यावर माझा विश्वास आहे, आणि तुला विचारल्याशिवाय मी कोणाकडे एक शब्दही बोलणार नाही.

मग आम्ही दोघांनी माहिती मिळवली. वयाची साठी ओलांडेपर्यंत, एम.कॉम. होऊन आणि पस्तीस वर्षे लोकांच्या अर्जांवर निर्णय देऊनही, या बाबतीत मी निरक्षर होतो. मुंबईत 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून महिला व बालकांसाठी विशेष साहाय्य कक्ष सुरू केला. पुढे असे कक्ष महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत पोलिसांच्या आवारात उघडले गेले. तेथे खाकी गणवेशातला शिपाई बसलेला नसतो, प्रशिक्षित समाजकार्यकर्ती असते. तिच्याशी बोलले म्हणजे फिर्याद नोंदवली असे होत नाही. आम्ही दोघे प्रथम कोणाचेही नाव न घेता केवळ चौकशी करायला गेलो. तेथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “मुले किती आहेत?” पत्नी म्हणाली, “दोन. पण मुलांना तो मारीत नाही.” त्या म्हणाल्या, “मारीत नसेल. पण मुले त्याच घरात आहेत ना?”

या एका वाक्याने माझा एक मोठा गैरसमज दूर झाला. मूल दुसऱ्या खोलीत असते, झोपलेले असते, लहान असते, म्हणून त्याला काही कळत नाही, असे आपण मानतो. प्रत्यक्षात ते जिन्यावरच्या पावलांचा आवाज ओळखते, ताट ठेवण्याच्या आवाजावरून रात्र कशी जाणार हे ताडते. अमेरिकेत 1998 साली प्रसिद्ध झालेल्या बालपणीच्या आघातांविषयीच्या एका मोठ्या अभ्यासात, आईवर होणारी मारहाण हा मुलाच्या वाट्याला आलेला स्वतंत्र आघात म्हणून मोजला गेला. असे आघात जितके अधिक, तितका प्रौढ वयात हृदयविकार, नैराश्य, व्यसन यांचा धोका अधिक, असे त्यातून दिसले. आपल्या देशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, विवाहित आयुष्यात पतीची हिंसा सोसावी लागलेल्या 18 ते 49 वयाच्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे 29 टक्के आढळले. त्या घरांत मुलेही असतातच. आपली घरे या आकड्याच्या बाहेर आहेत असे समजण्यास मला तरी आता आधार दिसत नाही.

बँकेत एक नियम होता. कर्ज 90 दिवसांहून अधिक थकले की ते अनुत्पादक ठरते. पण चांगला अधिकारी 90 दिवसांची वाट पाहत नाही. पहिला हप्ता चुकला, धनादेश परत आला, खातेदार शाखेत येणे टाळू लागला, की तो सावध होतो. मुलांच्या बाबतीतही खुणा आधीपासून दिसत असतात. वर्गातून घरी जायला टाळाटाळ करणे, कारण नसताना वारंवार पोट दुखणे, मोठा आवाज झाला की दचकणे, लहान भावंडांवर हात उगारणे. या मुलाची पाच वर्षांची बहीण अंथरूण ओले करण्याच्या वयातून बाहेर पडली होती. ती पुन्हा तसे करू लागली होती. मुलाचे गुण मात्र घसरले नव्हते, उलट वाढले होते. आपण चांगले वागलो तर पप्पा चिडणार नाहीत, असा हिशेब त्याने मनाशी मांडला होता. अतिशय शहाणे मूल पाहून आपण आनंदित होतो. कधी कधी त्या शहाणपणामागे भीती असते.

समुपदेशक बाईंनी आम्हाला मुलाशी कसे बोलावे तेही शिकवले. मूल सांगत असेल तर मध्येच अडवू नये, ‘खरे का?’ असे विचारू नये, पुन्हा पुन्हा तपशील काढून उलटतपासणी करू नये. ‘हे कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नसते. ‘जे मदत करू शकतात त्यांनाच सांगेन’ असे म्हणावे. यात तुझी काहीही चूक नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. आईला वाचवण्यासाठी मारामारीच्या मध्ये पडू नको, बहिणीला घेऊन शेजारच्या घरी जा आणि 112 किंवा 1098 हा क्रमांक फिरव, हे शिकवावे. आणि त्याने सांगितलेली गोष्ट मारणाऱ्या व्यक्तीपर्यंत कधीही नेऊ नये. हा शेवटचा नियम त्या सांगत असताना मी खाली मान घालून बसलो होतो.

1098 हा मुलांसाठीचा विनाशुल्क क्रमांक आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने तो 1996 साली मुंबईत सुरू झाला आणि आता शासनाच्या महिला व बालविकास यंत्रणेमार्फत चालतो. मूल स्वतः फोन करू शकते, शिक्षक करू शकतो, शेजारी करू शकतो. स्त्रियांसाठी 181 हा क्रमांक आहे. मुलाला थेट मारहाण होत असेल, मग मारणारी व्यक्ती वडील असो, आई असो, काका असो वा आजी, तर 1098 वरून किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत ते प्रकरण बालकल्याण समितीपुढे जाते. मुलाच्या काळजीविषयी व संरक्षणाविषयी आदेश देण्याचा अधिकार या समितीला 2015 च्या बाल न्याय कायद्याने दिला आहे.

आमच्या प्रकरणात मात्र उपयोगी पडला तो कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात मारहाणीबरोबरच अपमान, धमक्या आणि पैशांची नाकेबंदी हीसुद्धा हिंसा मानली आहे. प्रत्येक भागासाठी संरक्षण अधिकारी नेमलेला असतो. तो घटनेचा अहवाल तयार करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतो. न्यायालय हिंसा करणाऱ्यास मनाई करू शकते, राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेश देऊ शकते, पत्नीला व मुलांना निर्वाहखर्च देववू शकते आणि मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे सोपवू शकते. आवश्यक वाटल्यास मुलाच्या शाळेत शिरण्यासही मनाई करता येते. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. ही गोष्ट आपल्या समाजासाठी विशेष महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे घर श्रीमंत असते आणि सुनेच्या हाती रिक्षाचे भाडेही नसते.

याच कायद्याच्या चौथ्या कलमाने मला सर्वाधिक अस्वस्थ केले. कौटुंबिक हिंसा घडली आहे, घडत आहे किंवा घडण्याची शक्यता आहे असे मानण्यास ज्याला कारण असेल, अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. शेजारी, नातेवाईक, पाठशाळेचा शिक्षक, कोणीही. ‘आपण कोण मध्ये पडणार?’ या प्रश्नाचे उत्तर कायद्याने 2005 सालीच देऊन ठेवले होते. ते वाचण्याची तसदी मी घेतली नव्हती.

एका कामात मात्र माझा बँकेतील अनुभव उपयोगी पडला. त्या बाईंच्या नावे खाते होते, पण खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक पतीचा होता. शंभर रुपये काढले तरी संदेश त्याला जाई. त्यांचे स्त्रीधन संयुक्त नावाच्या लॉकरमध्ये होते. आम्ही दुसऱ्या बँकेत त्यांच्या स्वतःच्या क्रमांकावर खाते उघडले आणि आई पालक म्हणून मुलांची खाती उघडली. जन्मदाखले, आधार कार्डे, शाळेची प्रगतिपत्रके, डॉक्टरांची जुनी चिठ्ठी यांच्या प्रती आमच्या कपाटात ठेवल्या. हे सर्व तीन महिने चालले होते. घाई करू नका, असे समुपदेशक बाईंनी वारंवार बजावले होते. घर सोडण्याचा काळ हाच सर्वांत जोखमीचा असतो. केव्हा निघायचे, निघायचे की नाही, हे त्या माउलीने ठरवायचे होते. आमचे काम तिचा हात धरून ओढण्याचे नव्हते.

एका सकाळी मुले शाळेत गेल्यावर ती निघाली. तिच्या भावाने शाळेतून मुलांना घेतले. मुख्याध्यापिकांना आधी कल्पना दिली होती. त्याच दिवशी संरक्षण अधिकाऱ्यांकडे अहवाल नोंदवला गेला. न्यायालयात पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत व्हावी असे कायदा म्हणतो; प्रत्यक्षात तारखा पडल्या, वकील बदलले, दमछाक झाली. तरीही मनाईचा आणि मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा अंतरिम आदेश मिळाला. आदेशाचा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे कळल्यावर दारात येऊन आरडाओरडा करणे थांबले. सुनावणी बंद दालनात व्हावी अशी मागणी करता येते. ती आम्ही केली आणि मान्य झाली.

यानंतर समाज जागा झाला. जोपर्यंत ती कोंडली जात होती तोपर्यंत कोणी काही बोलले नव्हते. ती बाहेर पडल्यावर मात्र चार प्रतिष्ठित मंडळी माझ्याकडे आली. बैठक घेऊन मिटवून टाकू, असे ते म्हणाले. हेतू चांगला होता हे मी जाणतो. व्यापारातले किती तरी तंटे आपण कोर्टाची पायरी न चढता असेच सोडवले आहेत. पण व्यापाराच्या बैठकीत दोन्ही पक्ष निर्भयपणे बोलू शकतात. ज्या स्त्रीला रात्री त्याच माणसाच्या घरी परतायचे आहे, ती त्याच्यादेखत काय बोलणार? आणि त्या बैठकीत मुलांच्या वतीने कोण बोलणार? एक ज्येष्ठ म्हणाले, “पुढे मुलीचे लग्न व्हायचे आहे.” मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. मी म्हणालो, “तिचे लग्न व्हायला अजून वीस वर्षे आहेत. तिला आज रात्री झोप लागली पाहिजे.” दुसरे म्हणाले, “मुलांना बाप हवाच.” ते खरे आहे, आणि त्याचे उत्तर मला त्या मुलानेच दिले.

आजोळी गेल्यावर पहिले कित्येक आठवडे तो मुलगा समुपदेशकांशी एक शब्दही बोलला नाही. त्या त्याला कागद आणि रंग देत; तो घरे काढी, सगळ्या घरांना कुलपे. पुढे कुलपे लहान होत गेली. एकदा पत्नी आणि मी भेटायला गेलो तेव्हा तो मला बाजूला घेऊन विचारू लागला, “पप्पांचा खोकला कमी झाला का?” ज्याला तो भीत होता त्याच्यावर त्याचे प्रेमही होते. मूल बापाचा द्वेष करीत नाही. मार थांबावा एवढेच त्याला हवे असते. न्यायालयाने वडिलांना महिन्यातून दोनदा समुपदेशकांच्या उपस्थितीत भेटण्याची मुभा दिली. त्या भेटी आजही चालू आहेत. वडील काही वेळा येतात, काही वेळा येत नाहीत. ते आले नाहीत की मुलगा दिवसभर कोणाशी बोलत नाही. प्रकरण अजून पूर्ण संपलेले नाही आणि सर्व काही ठीक झाले असे लिहिणे खोटे ठरेल. मुलगी आता रात्री दिवा न लावता झोपते, एवढे मात्र नक्की लिहितो.

आपल्या व्रतांविषयी एक गोष्ट या काळात मला पुन्हा पुन्हा आठवत राहिली. साधूचे अहिंसाव्रत तीन करणांचे असते : स्वतः करणार नाही, करविणार नाही, करणाऱ्याला अनुमोदन देणार नाही. श्रावकाचे व्रत दोन करण आणि तीन योगांचे असते. संसारात राहणाऱ्याला अनुमोदना पूर्णपणे टाळता येत नाही म्हणून ज्ञानी पुरुषांनी त्याला तेथे सवलत दिली. सवलत दिली म्हणजे परवानगी दिली असे होत नाही. शेजारच्या घरातून आवाज येत असताना आपण दूरदर्शनचा आवाज वाढवतो. सुनेच्या हातावरचा व्रण पाहून ‘पडली असेल’ म्हणतो. सर्व काही ठाऊक असूनही त्याच माणसाला शाल पांघरतो. पाणी गाळून पिणारे, रात्रिभोजन वर्ज्य करणारे, मुंगीला वाट देणारे आपण, त्या सवलतीचा आसरा नेमका उंबरठ्याच्या आत घेतो. मी तो घेतला होता.

प्रत्येक संघाने मोठी योजना आखावी असे मी म्हणत नाही. पाठशाळेच्या शिक्षकांना मुलाचे कसे ऐकावे याचे एक दिवसाचे प्रशिक्षण देता येईल. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे अधिकारी विनंती केल्यास येतात. स्थानकाच्या, मंदिराच्या फलकावर देणगीदारांच्या नावांशेजारी 1098 आणि 181 हे आकडे लिहिता येतील. मनाच्या आधारासाठी टेलि-मानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, तोही लिहिता येईल. साधर्मिक वात्सल्याच्या निधीतून एखाद्या मातेचे सहा महिन्यांचे घरभाडे आणि मुलांची फी, नाव गुप्त ठेवून, देता येईल. गुप्तदानाची परंपरा आपल्याकडे आहेच.

मागच्या संवत्सरीला मी त्या मुलाला फोन केला. आईने फोन त्याच्याकडे दिला. मी म्हणालो, “त्या दिवशी वर्गात मी हसलो, आणि नंतर तू विश्वासाने सांगितलेले तुझ्या पप्पांपर्यंत नेले. मिच्छामि दुक्कडम्.” पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्याने विचारले, “सर, पण त्या प्रश्नाचे उत्तर काय?”

“लागतो,” मी म्हणालो. “घरातल्या माणसांच्या बाबतीत अतिचार लागतोच. आधी तिथेच लागतो.”

“मग वर्गात तसे सांगा ना,” तो म्हणाला. “बैलांचे नंतर सांगा.”

आता मी तसेच शिकवतो. पाच अतिचार सांगताना घरापासून सुरुवात करतो, आणि वर्ग सुटल्यावर आसनांच्या घड्या घालायला मुलांबरोबर मीही थांबतो.